बावीस नावं जास्त

सैखे
ग्वांगशू बादशहाचं तेहेतिसावं वर्ष, दहावा महिना, विसावा दिवस

…पन्नास, एक्कावन्न, आणि बावन्नावर हात थांबला, कारण खिम आजीने टोपलीभर कालवं माझ्या मेजावर ओतली. कोपऱ्यातला डाग शाईचा नाही, समुद्राच्या पाण्याचा आहे. यादी पुन्हा उतरवायला कागद नाही. तशीच पाठवते.

आजी म्हणाली, "एवढं काय मोजतेस गं? बदकं आहोत का आम्ही?"

मी म्हटलं, "आजी, पन्नास सभासद भरले तर आपली मंडळी स्वतंत्र होणार, आपल्याला पाळक मिळणार. नाही भरले तर प्रार्थनाघराला कुलूप, आणि किल्ली तालुक्याच्या मंडळीला."

ती तिथेच बसून कालवं फोडायला लागली. तीन-चार फोडून झाल्यावर म्हणाली, "मग मला दोनदा लिही. जाडी आहे मी."

दोनदा लिहायची गरज नाही, भावोजी. त्रेपन्न आहेत.

तुमचे भाऊ गेल्यावर मिशनने मला उपदेशिका म्हणून इथे धाडलं, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हा चार होते. प्रार्थनाघराचा प्रत्येक दगड इथल्या बायकांनी डोंगरावरून खांद्यावरच्या काठीला टांगून आणलेला आहे. हे तुमच्या कचेरीच्या तक्त्यात बसत नसेल, पण तिथल्या बान पाळकांना तोंडी सांगा. गोरे असले तरी त्यांना दगडाचं वजन कळतं.

मुलांना थोडी वाळवलेली कालवं पाठवली आहेत. शांती असो.

तुमची वहिनी,
बीलान


मिशन कचेरी
६ डिसेंबर १९०७

वहिनी, सलाम.

यादी मिळाली. कालवं मुलांनी त्याच दिवशी संपवली.

यादीबद्दल लिहितो. तुमचे त्रेपन्न. खाजणापलीकडे तांगकियोच्या ओंग मास्तरांनी अठ्ठेचाळीस पाठवले आहेत. बेरीज एकशे एक. त्या किनाऱ्यावर बान पाळकांशिवाय कोणी बाप्तिस्मा दिलेला नाही, आणि त्यांच्या वहीत दोन्ही गावं मिळून चौऱ्याऐंशी नोंदी आहेत. पाच जण वारले. उरले एकोणऐंशी. बाहेरून कोणी राहायला आल्याची नोंद नाही.

माणसं मेली की आकडा कमी होतो. तुमच्याकडचा बावीसने वाढला आहे.

तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. शंभरापर्यंत मोजायला मला तुम्ही शिकवलंत, ओट्यावर शेंगदाणे मांडून. म्हणून सरळ विचारतो. पन्नास भरावेत म्हणून काही नावं घातलीत का? मंडळ्या ठरवणारी सभा मार्चच्या चार तारखेला आहे. तोवर यादी परत घेता येईल. छापून विलायतेला गेली की घेता येणार नाही.

ओंग मास्तरांनाही कचेरीत बोलावलं आहे.

थिएनहोक


सैखे
अकरावा महिना, आठवा दिवस

भावोजी,

रागात आहे, म्हणून शांती असो हे शेवटी लिहीन.

तुमचं पत्र काल आलं. यादी हातात घेऊन अख्खा दिवस घरोघर फिरले. मंडळीचे वडील तान लाय दारात बसून जाळं विणत होते. मी विचारलं, "लायभाऊ, तुम्ही जिवंत आहात ना?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला नाही, कचेरीला शंका आहे."

त्यांनी आपला एक डोळा वर केला. "कचेरीला कळवा, तांगकियोवाल्यांनी अर्धंच काम केलं. पुरं करायला त्यांना जमलं नाही."

दोन वर्षांपूर्वी, कालवं धरतात त्या खाजणातल्या दगडांच्या मालकीवरून, दोन गावांत जी मारामारी झाली ती तुम्ही ऐकली असेल. आमच्या लायभाऊंचा डोळा गेला. तांगकियोचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा गेला. दोन्हीकडचे ख्रिस्ती पुरुष मारायला गेले नव्हते, लायभाऊ तर भांडण सोडवायला गेले होते. पण तेव्हापासून इकडचा पुरुष तिकडे जात नाही आणि तिकडचा इकडे येत नाही. बायका ओहोटीला चिखलातून जातात-येतात. त्यांना कोण अडवणार?

तर त्रेपन्न. एकेचाळीस मी डोळ्यांनी पाहिले. बाराजणी माहेरी गेल्या आहेत, त्यांच्या सासवांना विचारलं. सगळ्या आहेत. जेवतात, भांडतात, रविवारी गातात. एकही नाव मी हवेतून आणलेलं नाही.

ओंग मास्तरांना बोलावलंत ते बरं केलंत. त्यांनाच विचारा. ते चष्मा शोधतात तेव्हा तो त्यांच्या नाकावर असतो. त्यांनी अठ्ठेचाळीस कुठून आणले?

आणि एक मीही सरळ विचारते. सैखेला कुलूप लागलं तर तुमचा तक्ता नीट दिसणार आहे का?

शांती असो.

बीलान


मिशन कचेरी
२१ डिसेंबर १९०७

वहिनी, सलाम.

तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं. मी तसं विचारलं, त्याची माफी मागतो.

ओंग मास्तर मंगळवारी आले. दोन्ही याद्या शेजारी ठेवून आम्ही दुपारभर बसलो. १४ मे १९०५च्या रविवारी तुमच्या यादीत सात बायकांचा बाप्तिस्मा आहे. मास्तरांच्या यादीतही त्याच दिवशी सात. वयं तीच. पाळकांच्या वहीत त्या दिवशी दोन्ही गावं मिळून सातच.

मी म्हटलं, "मास्तर, या बायका कुणाच्या?"

"कुणाच्या म्हणजे? आमच्या मुली आहेत."

"सैखेच्या यादीत त्या तिकडच्या सुना आहेत."

"आहेतच. मुलगी कुणाची तरी सून असायचीच."

"पण राहतात कुठे?"

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लग्न झालं तरी पहिलं मूल होईपर्यंत आमच्याकडची मुलगी माहेरीच राहते. सासरी जाते वर्षाच्या तीन सणांना. अंधार पडल्यावर पोचते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघते. कुणाला पाच वर्षं लागतात, कुणाला नऊ. एवढंही ठाऊक नाही, आणि तक्ते करता?"

ठाऊक होतं, वहिनी. तुमच्या किनाऱ्यावरच्या चालीवर शहरात विनोद होतात, तेही ऐकले होते. पण कागदावर ती दिसली नाही. तुमच्याकडे "तान लायची धाकटी सून". मास्तरांकडे "ओंग सेंगची तिसरी मुलगी". बाईचं स्वतःचं नाव दोन्हीकडे नाही. वाचणाऱ्याला त्या दोन बायका वाटतात.

अशा बावीस आहेत. बारा तांगकियोच्या मुली, सैखेच्या सुना. दहा सैखेच्या मुली, तांगकियोच्या सुना.

एक माणूस एकदाच मोजायचा. बान पाळक नेहमी म्हणतात, बायको नवऱ्याच्या घरची. तसं धरलं तर तुमचे त्रेचाळीस, त्यांचे छत्तीस. राहते ते घर धरलं तर तुमचे एकेचाळीस, त्यांचे अडतीस. दोन्ही प्रकारे करून पाहिलं. पन्नास कुठेच होत नाहीत.

पाळकांना अजून सांगितलेलं नाही. तपासणी चालू आहे एवढंच म्हटलं.

थिएनहोक


सैखे
अकरावा महिना, अठ्ठाविसावा दिवस

भावोजी, शांती असो.

माफी मागू नका. मला ठाऊक होतं.

पहिल्या वर्षी एकच होती, पेकगिन, लायभाऊंची धाकटी सून. तिचा बाप्तिस्मा इथे झाला, नवऱ्याच्या शेजारी उभं राहून. तिला यादीतून वगळायचं माझ्या मनातही आलं नाही. मग दुसरी आली, तिसरी आली. तिकडच्या यादीतही त्या असतील का, हे मी ओंग मास्तरांना कधी विचारलं नाही. उत्तर काय येईल ते कळत होतं, म्हणूनच विचारलं नाही. आमच्या दहा मुली तिकडे मोजल्या जात असतील हेही कळत होतं. मागच्या पत्रात मी मास्तरांच्या चष्म्यावर बोलले, ते मनाला लागून राहिलं आहे.

आता तुम्ही एक ऐका.

मंगळवारी प्रार्थनाघरात चौदाजणी वाचायला बसतात. नऊजणींना पत्र वाचता येतं. इथले निम्मे नवरे मलायात कामाला आहेत. पूर्वी पत्र आलं की बाजारातल्या लेखनिकाकडे न्यायचं, आणि तो अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं वाचायचा. गेल्या महिन्यात एकीने आपल्या नवऱ्याचं पत्र भिंतीकडे तोंड करून स्वतः वाचलं. काय लिहिलं होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही. मी सहा वर्षं इथे आहे ती त्यासाठी.

कुलूप लागलं की हे संपलं. तालुका सात कोस लांब आहे. पाठीवर मूल आणि घरी म्हातारी सासू ठेवून कोण जाणार?

म्हणून मागते. या वर्षी आकडा जाऊ द्या. त्रेपन्न. विलायतेतल्या माणसांना आमच्या पेकगिनची उशी कुठे आहे त्याच्याशी काय करायचंय? दोन वर्षांत खरे पन्नास करून दाखवीन.

तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

बीलान


मिशन कचेरी
९ जानेवारी १९०८

वहिनी, सलाम.

तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो.

नाही म्हणतो आहे. पण तुम्हाला खोटं लिहू नका म्हणायचा मला अधिकार नाही, तो का नाही ते आधी सांगतो.

माझ्या तक्त्यांत हे तीन वर्षं चाललेलं आहे. तिन्ही वर्षांचे तक्ते मी केले. गेल्या वर्षीच्या छापील अहवालात तुमच्या किनाऱ्यावर वेगळा परिच्छेद आहे. सगळ्या फुकियन प्रांतात आमच्या मिशनची सर्वांत वेगाने वाढलेली जागा म्हणून. विलायतेहून बान पाळकांना अभिनंदनाची पत्रं आली. त्यांनी ती मला वाचून दाखवली आणि म्हणाले, तुमचे आकडे बोलतात. अहवालाचं ते पान मी फाडून घरी नेलं, माझ्या पेटीत ठेवलं. इंग्रजी येत नसलेल्या बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

बाप्तिस्म्याची वही त्याच कपाटात होती. तीन वर्षांत एकदाही काढून ताडून पाहिली नाही. या वर्षी पाहिली ती पन्नासाच्या नियमामुळे.

आता हे सांगितलं तर कारकुनी जाईल, बहुतेक. म्हणून महिनाभर तपासणी चालू आहे. तुम्ही सैखेसाठी लपवलंत. मी स्वतःसाठी लपवतो आहे. फरक आहे, आणि तो माझ्या बाजूचा नाही.

एक करा. त्या बावीसजणींना कुणी विचारलेलंच नाही. तुम्ही लिहिलंत, मास्तरांनी लिहिलं, मी बेरीज केली. नव्या वर्षाच्या सणाला त्या सगळ्या सासरी येतील. तेव्हा विचारा, तुमचं नाव कुठे लिहू? ज्या म्हणतील तिथे लिहा. आकडा होईल तो होईल. तोच मी पाळकांपुढे ठेवीन, मागच्या तीन वर्षांसकट.

थिएनहोक


सैखे
ग्वांगशू चौतिसावं वर्ष, पहिला महिना, नववा दिवस

भावोजी, शांती असो. नवं वर्ष सुखाचं जावो.

तुमच्या पेटीतल्या पानाबद्दल वाचलं. लहानपणीही तुम्ही नव्वदाच्या पुढे गेलात की उरलेले शेंगदाणे खाऊन टाकायचात आणि शंभर झाले म्हणायचात. मी बघायचे. बोलायचे नाही. चूक माझीही आहे.

विचारलं मी.

सणाच्या दुसऱ्या दिवशी उजाडताना ओहोटी होती. आमच्या बारा सुना माहेरी निघाल्या, आणि आमच्या दहा मुली सासरहून परत निघाल्या. दोन्हीकडच्या खाजणाच्या मधोमध भेटतात, तिथे एक मोठा खडक आहे. मी आणि खिम आजी आधीच जाऊन उभ्या राहिलो. सहा वर्षांत त्या बावीस मी पहिल्यांदा एका जागी पाहिल्या. नवे डगले, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडात पुऱ्या वर्षाच्या गप्पा.

मी यादी काढली. सांगितलं, एका जागीच नाव राहणार. कुठे लिहू?

पेकगिन म्हणाली, "दोन्हीकडे."

"दोन्हीकडे लिहिता येत नाही."

"इतकी वर्षं लिहिलंतच की."

सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "ती चूक होती."

"चूक?" तिचं हसू गेलं. "बाई, मी सासरी गेले की जावा म्हणतात, आली तिकडची पाहुणी. माहेरी असले की भावजय म्हणते, परक्याची आहेस, कधी जाणार? एका कागदावर तरी मी दोन्हीकडची होते. तेवढंच तुम्ही खोडायला आलात."

दुसरी म्हणाली, "आणि त्या मारामारीत मेला तो माझा चुलतभाऊ. डोळा गेला तो माझा सासरा. मी कुठल्या यादीत बसून रडू?"

पाणी चढायला लागलं होतं. खिम आजी खडकावर बसून पायाचा चिखल खरवडत होती. ती म्हणाली, "मग यादीच एक करा ना. दोन कशाला हव्यात?"

"आजी, दोन गावं आहेत."

"गावं असू देत. ह्या किती आहेत? बावीसच ना?"

तिथेच ठरलं. एक मंडळी, दोन प्रार्थनाघरं. एक रविवार इकडे, एक तिकडे. प्रत्येकीने आपलं नाव सांगितलं, घरात हाक मारतात ते, आणि मी ते पहिल्यांदा लिहिलं. ज्या वाचायला येतात त्यांनी माझ्या हातून पेन घेऊन स्वतः लिहिलं. तो कागद सोबत आहे.

काल उपासनेनंतर पुरुषांपुढे मांडलं. लायभाऊ उठून उभे राहिले.

"त्या लोकांबरोबर एका बाकावर? माझा डोळा घेतला त्यांनी!"

खिम आजी म्हणाली, "एक राहिलाय ना? त्याने यादी वाच."

लायभाऊ निघून गेले. त्यांच्यामागून सातजण गेले. तांगकियोलाही तसंच झालं असं ओंग मास्तरांनी कळवलं आहे. तिकडचे म्हणतात, मुलगा आमचा मेला, आधी पाऊल आम्ही का टाकायचं?

नियमात काय लिहिलं आहे ते बघा. मंडळी एकाच छपराखाली हवी असं आहे का?

बीलान


मिशन कचेरी
१९ फेब्रुवारी १९०८

वहिनी, सलाम.

नियमात छपराचा शब्द नाही. पन्नास सभासद आणि एक प्रभुभोजनाचं मेज, एवढंच आहे. तीनदा वाचला.

सोमवारी पाळकांच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. तुमचं, मास्तरांचं, माझं. पेटीतलं पान त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते उचलून वाचलं. मग म्हणाले, "तीन वर्षं?"

"तीन."

"मी या आकड्यांसाठी देवाचे आभार मानले होते. मोठ्याने. भर सभेत."

त्यांनी बाप्तिस्म्याची वही मागितली, आणि स्वतः मोजायला बसले. बोट ठेवून, एकेक नोंद. एकोणऐंशी झाल्यावर म्हणाले, "हेही काही थोडे नाहीत."

बावीसजणींचा कागद दाखवला. त्यांनी प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं. उच्चार चुकले, पण सगळी वाचली. त्यातल्या प्रत्येकीच्या डोक्यावर त्यांनी पाणी शिंपडलं आहे, आणि एकीचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं. हे ते स्वतःच म्हणाले.

मग दोन गोष्टी सांगितल्या. एक, विलायतेला दुरुस्तीचं पत्र जाईल, सही त्यांची. जुना तक्ता कुठे चुकला हे ज्याला कळलं आहे त्यानेच नवा करावा. म्हणजे मी राहिलो. घरी जाऊन बायकोला हे सांगितलं.

दुसरी, एक मंडळी त्यांना मान्य आहे, पण कागदावरची नको. कागदावरच्या मंडळ्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या, म्हणाले. सभेआधीच्या रविवारी, १ मार्चला, ते सैखेला येतील. मेज मांडतील. त्याभोवती दोन्ही गावचे मिळून पन्नास तरी बसले पाहिजेत, आणि नुसत्या बायका नकोत. बसले तर सभेत तुमच्या बाजूने उभे राहतील. नाही बसले तर दोन्ही घरांना कुलूप.

मी येणार नाही. नवा तक्ता बुधवारच्या आत हवा आहे, आणि एक रकाना मोकळा ठेवला आहे. पत्र पाळकांच्याच हाती द्या.

थिएनहोक


सैखे
पहिला महिना, अठ्ठाविसावा दिवस, शनिवार

भावोजी, शांती असो.

पाळक दुपारी पोचले. रताळ्याची पेज दोन वाट्या प्याले आणि आता आडवे झाले आहेत. सकाळी देता यावं म्हणून हे लिहून ठेवते.

दहा दिवसांत मी आणि खिम आजी तीनदा तांगकियोला जाऊन आलो. बायका येणारच आहेत, त्यांना सांगावंही लागलं नाही. पुरुष ऐकून घेतात, चहा देतात आणि गप्प बसतात. मेलेल्या मुलाचा बाप ओंग सेंग, पेकगिनचाही तो बाप, तो गप्पही बसत नाही. उठून मागच्या दाराने निघून जातो. तिसऱ्या खेपेला जाता जाता एवढंच म्हणाला, "ज्याचा डोळा गेला तो कधी आलाय का विचारायला, तुझा कोण गेला म्हणून?"

हे मी लायभाऊंना सांगितलं. शब्द न बदलता. ते जाळं विणत होते, विणत राहिले. तो गुरुवार. काल दिवसभर दिसले नाहीत. आजी म्हणाली, "राहू दे. आवाज चढवला की तो आणखी बहिरा होतो."

आज उजाडता मी पाण्याला गेले तेव्हा ओहोटी होती. खाजणात एक माणूस चालला होता, एकटा, तांगकियोच्या दिशेने. पाय घसरत होते. डाव्या बाजूचं त्यांना दिसत नाही, म्हणून दर थोड्या पावलांनी मान वळवत होते. पलीकडच्या काठावर पोचलेले पाहिले. पुढे घरं लागतात, दिसत नाही.

पाणी चढायच्या बेताला परत आले. मी विहिरीपाशीच होते. विचारलं, "भेटले?"

"भेटले."

"काय म्हणाले?"

"भरती येते म्हणाले. जा म्हणाले."

"आणि तुम्ही?"

"मुलाचं नाव विचारलं." मग माझी भरलेली घागर उचलून त्यांनी प्रार्थनाघराच्या पायरीपर्यंत आणून ठेवली आणि घरी गेले.

याचा अर्थ काय लावायचा मला समजत नाही. त्यांनाही समजला असेल असं वाटत नाही. बाक झाडून ठेवले आहेत. अंगणातही चटया घालून ठेवल्या आहेत, आत माणसं मावली नाहीत तर. पेकगिनची सासू दुपारपासून तांदळाचं पीठ दळते आहे. मी विचारलं, कितीजणांचं? ती म्हणाली, "सगळ्यांचं. उरलं तर आपण खाऊ."

भावोजी, मोकळ्या रकान्यात काय येईल ते उद्या. पन्नास भरले नाहीत तरी त्रेपन्न लिहून पाठवणार नाही. एवढं तुम्ही गृहीत धरा.

बीलान

रविवार सकाळ. सहाला पूर्ण ओहोटी झाली. तांगकियोहून तेहेतीस जण चालत आले, त्यांत पुरुष अकरा. ओंग सेंग सगळ्यांत मागे होता. लायभाऊंनी पायरीवर उभं राहून प्रत्येकाच्या पायांवर पाणी ओतलं, चिखल फार होता म्हणून. मेजाभोवती एकाहत्तर बसले. पाळकांनी मोजले, मग मी मोजले. आकडा तोच आला.